तीच दोन झाडं, तीन निराळी रानं: उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील निलगिरी वनांची रचना

डार्विन शहराला लागून असलेलं हॉवर्ड स्प्रिंग्ज, खाडीपलीकडचं मेलव्हिल बेट आणि पूर्वेला काकडू राष्ट्रीय उद्यानातलं मुनमारलरी. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतल्या या तिन्ही ठिकाणी मोठ्या झाडांची यादी करायला घेतली की पहिली दोन नावं तीच येतात: युकॅलिप्टस टेट्रोडोन्टा आणि युकॅलिप्टस मिनिएटा. तिन्हीकडे पावसाळा एकच, नोव्हेंबर ते एप्रिल. तिन्हीकडे जमीन मुख्यतः जांभ्याच्या कुळातली, लाल, खडेरी. तरीही रानात उभं राहिलं की तिन्ही जागा वेगळ्या दिसतात. एकीकडे उंच, सरळ, जाड खोडं लांब लांब उभी आणि मधे मोकळं. दुसरीकडे मनगटाएवढ्या ते मांडीएवढ्या खोडांची गर्दी. तिसरीकडे वर छत्र, खाली गवत, आणि मधला मजला जवळजवळ गायब.

याचं झटकन दिलं जाणारं उत्तर म्हणजे पाऊस. ते उत्तर किनाऱ्यापासून आत जाताना खरं आहे. डार्विनला वर्षाला साधारण १७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून दक्षिणेला कॅथरीनकडे जाताना तो हजाराच्या खाली येतो आणि त्याबरोबर झाडांची उंची, संख्या आणि बुंध्यांची जाडी सगळंच उतरत जातं. पण किनारपट्टीतल्याच दोन जागांची तुलना करताना एकट्या पावसाने उलगडा होत नाही. तिथे रानाची घडण ठरवतात दोन गोष्टी: शेवटचं मोठं वादळ कधी येऊन गेलं, आणि वणवा कोणत्या महिन्यात, किती वर्षांनी लागतो.

आधी झाडांची ओळख

आपल्याकडे निलगिरी म्हणजे एका वयाची, ओळीत लावलेली, दहा-बारा वर्षांत तोडायची लागवड. ते चित्र इथे बाजूला ठेवावं लागतं. मिनिएटाला स्थानिक लोक वूलीबट म्हणतात. तिची साल खालच्या अर्ध्या खोडावर जाड, भुरकट, कापसाळ असते आणि वर एका उंचीवर अचानक संपून गुळगुळीत पांढरं खोड सुरू होतं; लोकरीचा पायमोजा चढवावा तसं. फुलं शेंदरी. टेट्रोडोन्टा म्हणजे स्ट्रिंगीबार्क. तिची साल फांद्यांपर्यंत सगळीकडे दोरदार, उभ्या भेगांची. नखाने ओढली तर नारळाच्या काथ्यासारखे धागे निघतात. कळीच्या टोकाला चार दात असतात, त्यावरूनच शास्त्रीय नाव पडलं. दोन्ही सदाहरित. हॉवर्ड स्प्रिंग्जला या दोघींचा वाटा एकूण झाडोऱ्यात ८० टक्क्यांच्या आसपास भरतो.

खालच्या मजल्यावर मात्र कोकणातल्या माणसाला ओळखीची कुळं भेटतात. बुकॅनानिया ओबोव्हाटा ही चारोळीची सख्खी प्रजाती, टर्मिनालिया फर्डिनँडियाना हिरडा-बेहडा-ऐनाच्या घरातली, प्लँकोनिया कॅरिया आपल्या कुंभ्याच्या कुळातली. यांच्यातली बरीचशी कोरड्या ऋतूत पानं गाळतात. म्हणून छत्र किती दाट आहे हे मोजण्याचा महिना नोंदवल्याशिवाय आकड्याला अर्थ नसतो: हॉवर्ड स्प्रिंग्जला सगळे थर मिळून पानांचं क्षेत्र पावसाळ्यात जमिनीच्या क्षेत्राच्या अडीच पटीजवळ असतं, कोरड्या ऋतूच्या अखेरीस ते एक पटीच्या आसपास येतं. या घसरणीत निलगिरीचा हात थोडा. पानं जातात ती मुख्यतः खालच्या झाडांची आणि गवताची. निलगिरी कोरड्या महिन्यांतही मुळांतून पाणी ओढत राहते, तिचं रोजचं बाष्पोत्सर्जन वर्षभर जवळपास सारखं असतं.

एकाच आकड्यात लपलेली तीन रानं

वनांची तुलना करताना सर्वात जास्त वापरला जाणारा आकडा म्हणजे हेक्टरी बुंधाक्षेत्र: छातीच्या उंचीवर सगळी खोडं आडवी कापली तर कापांचं एकूण क्षेत्रफळ किती भरेल ते. हॉवर्ड स्प्रिंग्जला ते ८ ते १० चौरस मीटर, खोडं हेक्टरी ५०० ते ७००, छत्राची उंची सुमारे १४ ते १८ मीटर.

आता हिशेबापुरतं १० चौरस मीटर धरा. २० सेंटिमीटर व्यासाचं खोड ०.०३१४ चौरस मीटर जागा घेतं, म्हणजे अशी ३१८ झाडं लागतील. ३० सेंटिमीटरची असतील तर १४१ पुरतात. ४० सेंटिमीटरची असतील तर केवळ ८०. तिन्हींचं बुंधाक्षेत्र एकच, पण पहिलं रान वादळानंतर एकदमच उठलेल्या पिढीचं असू शकतं आणि तिसरं जुन्या, पोकळ झाडांचं. सरासरी उंची आणि बुंधाक्षेत्र एवढ्यावर अहवाल उरकणारे नेमके इथे फसतात. लागतो तो व्यासवर्गांचा आलेख: ५ सेंटिमीटरच्या टप्प्याने किती झाडं, आणि त्यातही प्रजातीनिहाय. उतरत्या जिन्यासारखा आलेख म्हणजे नवी झाडं सतत वर येताहेत. मधे कुबड म्हणजे कुठल्या तरी एका काळात एकदम वाट मोकळी झाली होती. लहान वर्गात खड्डा म्हणजे वणवा, किंवा वरची मोठी झाडं, कुणाला वर येऊ देत नाहीत.

वारा

२५ डिसेंबर १९७४ च्या पहाटे ट्रेसी चक्रीवादळाने डार्विन उद्ध्वस्त केलं. विमानतळावरचं वारामापक बंद पडण्याआधी त्यावर ताशी २१७ किलोमीटरचा झोत नोंदला गेला होता. वादळ अगदी आटोपशीर होतं. केंद्रापासून साधारण ५० किलोमीटरच्या पलीकडे सोसाट्याचा वारा नव्हता. रानाच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं आहे. शहरालगतचं वन पडलं, पण त्याच किनाऱ्यावर शंभर किलोमीटर पुढे त्या रात्रीची खूणही राहिली नाही. मोनिका वेगळं होतं: एप्रिल २००६ मध्ये पाचव्या श्रेणीचं हे वादळ मानिंग्रिडाच्या पश्चिमेला किनाऱ्यावर चढलं आणि कमजोर होत होत काकडूतल्या जबिरूपर्यंत आत गेलं. म्हणजे समुद्रापासून दूर असलेली जागा वाऱ्यापासून सुरक्षित, हेही सरसकट म्हणता येत नाही. त्याआधी मार्च २००५ मध्ये इन्ग्रिड वादळाने कोबर्ग द्वीपकल्प आणि तिवी बेटांच्या (मेलव्हिल यांतलंच) उत्तर बाजूला झोडपलं होतं.

झाड कसं पडतं यावर पुढची वीस-तीस वर्षं ठरतात. वादळं ओल्या ऋतूत येतात, जमीन भिजून सैल असते, त्यामुळे काही झाडं मुळासकट उलटतात. त्यांचा विषय संपला. पण बरीच मधेच मोडतात, आणि त्यात वाळवीचा मोठा हात असतो. कॉप्टोटर्मिस जातीची वाळवी जिवंत निलगिरीचा गाभा खाऊन खोड नळीसारखं पोकळ करते. (डिजेरिडू हे वाद्य ज्या पोकळ खोडांपासून होतं ती हीच.) झाड जितकं जाड, तितकी ते आतून पोखरलेलं असण्याची शक्यता अधिक. म्हणून वारा रानातली मोठी माणसं आधी उचलतो. मोडलेल्या बुंध्यावर मात्र काही आठवड्यांत साल फोडून हिरव्या कोंबांची लव येते. निलगिरीच्या सालीत कोंब फुटण्याची क्षमता असलेल्या पेशी खूप खोलवर असतात, त्यामुळे वरचा थर जळला वा सोलला तरी त्या वाचतात. अशी झाडं पुढे ओळखू येतात: एका उंचीपर्यंत जाड खोड, तिथे वाकडी गाठ, आणि वर एकदम बारीक दोन-तीन शेंडे. दहापैकी चार झाडांना एकाच उंचीपट्ट्यात अशी गाठ दिसली, तर वादळाची शंका घ्यायला हरकत नाही.

पडलेल्या खोडांची दिशा होकायंत्रावर नोंदवून ठेवावी. दक्षिण गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतं, आपल्याकडच्याच्या उलट. ३ जून २०२०च्या निसर्गमध्ये श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा पडल्या त्यावरून ज्यांची नजर तयार झाली आहे त्यांनी हा फरक लक्षात ठेवलेला बरा. ऑस्ट्रेलियात सर्वात जोराचा वारा वाटचालीच्या डाव्या हाताला असतो, उजव्या नव्हे. आणि ही नोंद लवकर करावी लागते, कारण पडलेली खोडं वणव्यात आणि वाळवीत हळूहळू नाहीशी होतात. वीस वर्षांनी गेलात तर पुरावा उरतो तो मुळं उपटल्याच्या खड्ड्यांचा आणि वाकड्या गाठींचा.

आग

इथलं देशी गवत म्हणजे वार्षिक ज्वारीच्या जातीचं सॉर्गम. जानेवारी-फेब्रुवारीत माणसाच्या डोक्यावर जातं, एप्रिलच्या शेवटच्या वादळी सरींत आडवं पडतं, मे महिन्यात वाळून कडकडीत. तिथून पुढे पेटण्याजोगं. मे-जूनमध्ये लावलेली आग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधली आग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काकडूतल्या कपालगा येथे १९९० ते १९९४ दरम्यान १५ ते २० चौरस किलोमीटरची एकेक पाणलोट क्षेत्रं पेटवून मोजणी झाली. कोरड्या ऋतूच्या सुरुवातीच्या आगींची तीव्रता सरासरी २१०० किलोवॅट प्रति मीटर, उशिराच्या आगींची ७७००.

हा आकडा म्हणजे आगीच्या आघाडीतल्या एका मीटरातून दर सेकंदाला बाहेर पडणारी उष्णता. हिशेब सोपा आहे: इंधनाची उष्णता, चौरस मीटरवरचं इंधन आणि आगीचा वेग यांचा गुणाकार. हेक्टरी ४ टन गवत-पाला म्हणजे चौरस मीटरला ०.४ किलो, किलोला १८,००० किलोज्यूल, वेग सेकंदाला ०.३ मीटर. गुणाकार २१६०. इंधन थोडं वाढलं आणि दुपारच्या वाऱ्याने वेग तिप्पट झाला की ७००० पार होतो. लवकरच्या आगीत गवत जातं, झुडपं होरपळतात, रात्रीच्या दवाने आग स्वतःच विझते आणि मधे मधे न जळलेले तुकडे राहतात. उशिराच्या आगीत छत्राची पानंही करपतात. वूलीबटचा पायमोजा खालच्या ज्वाळा झेलतो, पण वरच्या गुळगुळीत सालीला संरक्षण कमी. खोडात वाळवीची पोकळी बाहेर उघडी पडली असेल तर आग तिथून आत शिरते आणि खोड धुरांड्यासारखं आतून जळतं.

इथली खरी गोम जमिनीलगत आहे. गुडघाभर गवतात वाकून पाहिलं तर निलगिरीचे छोटे फुटवे सापडतात: रुंद, खरखरीत, मोठ्या झाडापेक्षा निराळ्या दिसणाऱ्या पानांचे, वीत-दोन वीत उंच. ती रोपं नव्हेत. माती बोटाने उकरली की खाली मुठीएवढी, कधी त्याहून मोठी लाकडी गाठ लागते. दरवर्षी वरचा भाग जळतो, दरवर्षी गाठीतून पुन्हा फूट येते. स्ट्रिंगीबार्क मुळांवरूनही पिल्लं काढते. या फुटव्याला डोकं ज्वाळेच्या वर काढायला सलग काही वर्षं आगीविना मिळावी लागतात, किंवा मिळालेल्या आगी अगदी सौम्य असाव्या लागतात.

पण आग थांबली की फुटवे वर येतीलच असं नाही. वर मोठ्या झाडांचं छत्र भरलेलं असेल तर खालचे फुटवे दबून राहतात. मेलव्हिल बेटावरच्या पाहणीत हेच दिसलं: उंच झाडांखाली फुटव्यांची वाढ अडलेली, मोकळ्या जागेत ती वर निघालेली. पाणी आणि पोषणासाठी मुळांची ओढाताण हे त्यामागचं पटणारं कारण, कारण या रानात उजेडाची टंचाई नाही. निलगिरीची पानं लोंबती असतात, ऊन थेट खाली येतं. थोडक्यात, नवी पिढी वर यायला दोन कुलपं एकाच वेळी उघडावी लागतात: वाऱ्याने छत्रात खिंडार पाडावं आणि पुढची काही वर्षं आगीने नजर फिरवावी. अडचण अशी की वादळानंतर पडलेला पाला आणि फांद्या वाळून इंधनाचा ढीग होतो, आणि त्याच वर्षीच्या कोरड्या ऋतूत आग नेहमीपेक्षा जास्त भडकते. पहिलं कुलूप उघडतं तेव्हाच दुसरं घट्ट बसतं.

तीन जागा, आता पुन्हा

मेलव्हिल बेटावर, विशेषतः वायव्येला, पाऊस २००० मिलिमीटरच्या घरात जातो आणि माती खोल आहे. तिवी बेटांवरची ही वनं नॉर्दर्न टेरिटरीतली सर्वात भरदार निलगिरी वनं मानली जातात. इथे वूलीबट आणि स्ट्रिंगीबार्कसोबत कोरिंबिया नेसोफिला ही तिसरी भागीदार असते. (१९९५ मध्ये कोरिंबिया हा वेगळा वंश झाला, त्याआधीच्या नोंदींत ती युकॅलिप्टस म्हणूनच सापडेल, तुलना करताना दोनदा मोजू नका.) वरची झाडं मोठी, म्हणून खालचे फुटवे असंख्य असूनही बुटके. या रानाच्या आलेखात लहान खोडांचा खड्डा दिसला म्हणून ‘पुनरुत्पादन नाही’ असा शेरा मारणं चूक. पिढी जमिनीत बसून वाट पाहते आहे.

हॉवर्ड स्प्रिंग्ज ट्रेसीच्या पट्ट्यात. इथली मध्यम जाडीची गर्दी आणि तुलनेने कमी बुंधाक्षेत्र वाचताना १९७४ विसरून चालत नाही. शिवाय शहर जवळ, म्हणून आगी वारंवार.

मुनमारलरीला पाऊस डार्विनपेक्षा कमी, पण तिथली खासियत १९७३ ते १९९६ चाललेला आगीचा प्रयोग. एक हेक्टरचे तुकडे, आग लावण्याच्या चार पद्धती: दरवर्षी लवकर, एकाआड एक वर्षी लवकर, दरवर्षी उशिरा, आणि अजिबात नाही. मोठी निलगिरी या सगळ्याला आश्चर्यकारक टिकून राहिली. बदलला तो मधला मजला आणि गवत. आग बंद ठेवलेल्या तुकड्यांत झुडपं आणि लहान झाडं दाटली. एक पथ्य मात्र पाळावं: एक हेक्टरच्या तुकड्यात आगीला धाव घ्यायला जागाच मिळत नाही, त्यामुळे तिथली ‘उशिराची आग’ उघड्या रानातल्या उशिराच्या आगीपेक्षा मवाळ. कपालगाला मोठी पाणलोटं घेतली ती याचसाठी. मुनमारलरीचे निष्कर्ष डार्विनजवळच्या रानाला जसेच्या तसे लावू नयेत.

आगीचा इतिहास कागदावर नसेल तर कॅलिट्रिस इंट्राट्रोपिका शोधावी. ही सूचिपर्णी सौम्य आग सोसते, जोराच्या आगीत मरते आणि बुंध्यापासून फुटत नाही; फक्त बियांवर येते. तिचं लाकूड वाळवी खात नाही, म्हणून मेलेले सांगाडे दशकानुदशकं उभे राहतात. जिवंत, सर्व वयांची कॅलिट्रिस म्हणजे त्या जागेला अनेक वर्षं कडक आग लागलेली नाही. नुसते करडे सांगाडे आणि खाली एकही पिल्लू नाही, म्हणजे आगीची पद्धत मधेच कधीतरी बिघडली.

मोजताना कुठे चुकतं

व्यास ऑस्ट्रेलियात १.३ मीटरवर घेतात, आपल्या वनखात्यात १.३७ वर. जुनी-नवी आकडेवारी जोडताना उंची एकच ठेवा आणि खोडावर रंगाची रेघ मारा. स्ट्रिंगीबार्कची साल आगीत जळून पातळ होते. दोन मोजण्यांमध्ये वणवा येऊन गेला तर झाड ‘बारीक झालं’ असं वहीत दिसतं. तो आकडा खोडून शून्य करू नका, शेजारी ‘साल जळाली’ एवढं लिहा.

एका गाठीतून तीन खोडं आली असतील तर खोडं तीन, झाड एक. दोन्ही रकाने ठेवा. १० सेंटिमीटरखालची खोडं सोडून देण्याची सवय या वनात सर्वात महागात पडते. मोठ्या झाडांसाठी ५० बाय ५० मीटरचा चौकोन आणि त्याच्या आत फुटव्यांसाठी २ मीटर रुंदीचे लांब पट्टे, एवढं किमान हवं. चौकोन रस्त्यापासून शंभरेक मीटर आत घ्या. रस्त्यालगत जाळरेषेसाठी (वणवा अडवायला आधीच जाळून ठेवलेला पट्टा) दरवर्षी आग लावली जाते, तिथलं रान बाकीच्याचं प्रतिनिधी नसतं.

उंचीला कोनमापक पुरतो, पण अंतर झाडाच्या उंचीएवढं ठेवा. २० मीटरवरून शेंडा ४० अंशांवर दिसला तर १६.८ मीटर, अधिक डोळ्याची उंची १.६, म्हणजे १८.४. १० मीटरवरून पाहिलंत तर कोन साठीच्या जवळ जातो आणि एका अंशाच्या चुकीला ६५-७० सेंटिमीटरचा फरक पडतो. शिवाय तुमच्याकडे झुकलेली फांदीच शेंडा वाटते. हे काम मार्चमध्ये करू नये, सॉर्गममधून बुंधाच दिसत नाही. मे अखेर ते जून हा बरा काळ. मेलेली उभी झाडं, मोडलेले बुंधे आणि पोकळीची तोंडं यांची वेगळी नोंद हवी. झाडावर राहणारे उंदीर आणि पॉसम त्या पोकळ्यांवर जगतात.

आणि गवताची उंची लिहा. डार्विनच्या आसपास आफ्रिकेतून चाऱ्यासाठी आणलेलं गांबा गवत पसरलं आहे. २००८ मध्ये ते नॉर्दर्न टेरिटरीत तण म्हणून जाहीर झालं. ते चार मीटरपर्यंत जातं, उशिरा वाळतं आणि देशी गवताच्या कितीतरी पट इंधन देतं. कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच गांब्यातल्या आगीची तीव्रता सरासरी १५,७०० किलोवॅट प्रति मीटर मोजली गेली आहे, म्हणजे कपालगाच्या उशिराच्या आगींच्याही दुप्पट. असा पट्टा चौकोनात शिरला की ‘लवकरची आग सौम्य’ हा वर मांडलेला सगळा हिशेब त्या चौकोनापुरता रद्द होतो, आणि पुढच्या मोजणीला तिथे कमी भरलेली झाडं ना ट्रेसीच्या खात्यावर टाकता येतात, ना पावसाच्या.